मालकांचा नाच, गुलामांची लय: क्वाड्रिलपासून क्रिओल परंपरांपर्यंत

नादखुळी

फादर लाबा नावाचा फ्रेंच धर्मगुरू 1694 साली कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पोचला. उसाच्या मळ्यांवर राबणारे आफ्रिकी गुलाम सुट्टीच्या दिवशी ढोलावर 'कालेंदा' नाचायचे. लाबाला तो नाच अश्लील वाटला. मळेवाल्यांना धास्ती होती ती वेगळीच: ढोल वाजला की माणसं जमतात, आणि जमलेली माणसं बंड करतात. 1685 च्या फ्रेंच कायद्याने वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांना एकत्र जमायला आधीच मनाई केली होती. तरी कालेंदा काही थांबेना. मग तो त्यांच्या डोक्यातून जावा म्हणून त्यांना मिन्युएट, कुरांत, पास्पिए असे फ्रेंच नाच शिकवले गेले, असं लाबाने स्वतःच लिहून ठेवलंय.

युरोपच्या दिवाणखान्यातले नाच क्रिओल लोकांचे कसे झाले, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेलं असतं: गुलामांनी मालकांची नक्कल केली आणि वर आफ्रिकी ठेका चढवला. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा. (क्रिओल म्हणजे वसाहतीच्या मातीत, सरमिसळीतून जन्मलेलं. माणसं, भाषा, जेवण, संगीत, सगळ्यालाच हा शब्द लावतात.)

पहिली गोष्ट म्हणजे मालकांच्या हॉलमध्ये वाजवायचं कोण? बहुतेक बेटांवर गुलाम, नाहीतर गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय. व्हायोलिन वाजवणाऱ्या गुलामाला भाव जास्त. पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिरातींत 'व्हायोलिन वाजवतो' ही ओळख पटवायची खूण म्हणून छापलेली सापडते. म्हणजे लय बदलली ती मागच्या झोपड्यांमध्ये, नंतर कधीतरी, असं नाही. ती हॉलमध्येच बदलत होती, मालकांच्या देखत, आणि मालकांची पावलंही त्याच बदललेल्या ठेक्यावर पडत होती. नक्कल म्हणायची तर कुणी कुणाची केली?

दुसरी गोष्ट मार्टिनिकच्याच 'बेले' या नाचाची (बॅले नव्हे). ढोल जमिनीवर आडवा ठेवलेला. वादक त्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, हातांनी वाजवतो आणि टाच कातड्यावर दाबून स्वर वर-खाली करतो. त्याच्या मागे दुसरा माणूस दोन काठ्यांनी ढोलाच्या लाकडी अंगावर ठेका धरतो. या काठ्या म्हणजे 'तिब्वा'. एक गाणारा, त्याला उत्तर देणारे बाकीचे. ऐकायला सगळं आफ्रिकी. पण नाचणारे कसे उभे राहतात बघा: चार जोड्या, चौकोनात, समोरासमोर. हा थेट फ्रेंच काँत्रदाँसचा आराखडा आहे. जोड्या जागा बदलतात, गिरक्या घेतात, आणि मग एकेक जोडी पुढे येऊन ढोलासमोर नाचते, ढोल तिच्या पावलांना उत्तर देतो. काँत्रदाँसमध्ये जोड्यांचं तोंड एकमेकांकडे. इथे सगळ्यांना शेवटी ढोलाकडेच जायचंय. चौकोन तोच राहिला, त्याचा मालक बदलला.

तिसरा मुद्दा क्यूबाचा. तो मोठा आहे, पुढच्या प्रतिसादात लिहिते.

पेठेतला

सुंदर विषय. पण आमच्यासारख्यांसाठी जरा मागे जा ना. बॉलरूम म्हटलं की मला फक्त वॉल्ट्झ डोळ्यासमोर येतो, बाईच्या कमरेला हात घालून गोल गोल फिरणारा. काँत्रदाँस आणि क्वाड्रिल म्हणजे नेमकं काय?

नादखुळी

@पेठेतला, हो, ते सांगायलाच हवं होतं. मूळ इंग्लंडमधलं. तिथले गावाकडचे रांगांचे नाच सतराव्या शतकात शहरात आले. जॉन प्लेफर्डने 1651 मध्ये त्यांच्या चाली आणि रचना छापल्या. त्या शतकाच्या शेवटी ते फ्रान्सच्या दरबारात गेले, तिथे त्याला चार जोड्यांच्या चौकोनाचं रूप आलं, ते काँत्रदाँस. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये त्यातल्याच रचना एकापाठोपाठ एक गुंफून पाच भागांचा संच तयार झाला, तो क्वाड्रिल. 1815 मध्ये तो लंडनच्या आल्मॅक्स क्लबात आला, आणि मग ब्रिटिश, फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश जहाजं जिथे जिथे गेली तिथे तिथे पोचला.

वॉल्ट्झमध्ये जोडी आपल्यातच असते. क्वाड्रिलमध्ये आठही जणांचं भान ठेवावं लागतं, एक चुकला की सगळा चौकोन कोलमडतो. म्हणून पुढची रचना कोणती ते ओरडून सांगणारा माणूस लागतो. मार्टिनिकशेजारच्या ग्वादेलूप बेटावर हा माणूसच सगळ्या नाचाचा प्राण झाला. तिथल्या क्वाड्रिलमध्ये मुख्य वाद्य अकॉर्डियन. सोबत बांबूवर खाचा पाडून घासायचं सियाक, डफासारखा तांबू दिबास आणि खुळखुळ्यासारखे शाशा. या सगळ्यावर तो माणूस फ्रेंच आणि क्रिओलमध्ये हुकूम सोडत जातो, पण ते नुसते हुकूम राहत नाहीत. तो ते तालात म्हणतो, लांबवतो, तोडतो, मध्येच नाचणाऱ्यांना डिवचतो. गाणंही नाही आणि बोलणंही नाही, असं काहीतरी. अकॉर्डियन तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत असतं आणि कान मात्र त्या आवाजावर खिळलेला असतो.

तालवेडा

नादखुळीताई, ठेक्याबद्दल मी थोडी भर घालतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

या सगळ्या बेटांवर एक आकृती परत परत भेटते. स्पॅनिशमध्ये तिला सिंकियो म्हणतात. आठ मात्रा मोजा आणि टाळी फक्त 1, 3, 4, 6, 7 वर द्या. मार्टिनिकमध्ये तुम्ही लिहिलेल्या तिब्वाचा बोल 'ताक पि ताक पि ताक' असा म्हणतात. ताक दोन मात्रांचा, पि एका मात्रेची: दोन, एक, दोन, एक, दोन. बेरीज आठ. तोच सिंकियो.

आता आपला केहरवा घ्या, धागेनाती नकधीन. त्यातही आठच मात्रा, पण चार-चारचे दोन सारखे तुकडे, पाचव्या मात्रेवर मध्य स्पष्ट. सिंकियोत पाचवी मात्रा रिकामी! नेमका जिथे युरोपियन पाय टेकायचा तिथेच ढोल गप्प. म्हणजे नाचणाऱ्याचं पाऊल मधोमध पडतं, वाद्य त्याच्या अलीकडे-पलीकडे बोलतं, आणि शरीर आपोआप डुलायला लागतं.

याची सोपी भावंडंही आहेत. 1, 4, 7 वर टाळी दिली की तीन-तीन-दोन, तो त्रेसियो. त्यात पाचवी मात्रा परत भरली, 1, 4, 5, 7, की आबानेरा. बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेरातलं (1875) प्रसिद्ध आबानेरा याच ठेक्यावर आहे. ते त्याने लोकगीत समजून उचललं, पण ती निघाली सेबास्तियान इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराची रचना. हवानाचा ठेका एका स्पॅनिश माणसाने उचलला, त्याच्याकडून एका फ्रेंच माणसाने. नाच ज्या वाटेने आले त्याच वाटेने ठेका युरोपात गेला.

घरी करून बघा: उजव्या पायाने 1 आणि 5 धरा, हातांनी 1, 3, 4, 6, 7. पहिल्यांदा जमणार नाही, दहा मिनिटांत जमेल, आणि मग सोडवत नाही.

पेठेतला

@तालवेडा, करून बघतोय. पाचवर हात आपोआप पडतोच!

नादखुळी

तालवेडा, अगदी हेच मला लिहिता येत नव्हतं. आभार.

आता क्यूबा. हैती, म्हणजे तेव्हाची फ्रेंच वसाहत सां-दोमांग. 1791 मध्ये तिथे गुलामांचा उठाव झाला आणि 1804 मध्ये तो देश स्वतंत्र झाला. त्या धामधुमीत हजारो मळेवाले, मुक्त मिश्रवंशीय आणि त्यांच्यासोबत आणलेले गुलाम समुद्र ओलांडून पूर्व क्यूबात, सांतियागो आणि ग्वांतानामोच्या बाजूला गेले. त्या गुलामांच्या वंशजांनी तिथे मंडळं काढली, आणि त्यांचा नाच म्हणजे 'तुंबा फ्रान्सेसा'. सांतियागो, ग्वांतानामो आणि साग्वा दे तानामो इथे ती मंडळं आजही आहेत. युनेस्कोने 2003 मध्ये त्याची दखल घेतली.

त्यात दोन मुख्य नाच. 'मासोन' हा दिवाणखान्याचा: बायका लांब झग्यात, जोड्या जोड्यांनी, चाल अगदी ऐटबाज. पण व्हायोलिन नाही. संगीत फक्त ढोलांचं, आडव्या पोकळ लाकडावर काठ्यांनी वाजणाऱ्या कातचं आणि क्रिओलमधल्या गाण्याचं. आणि 'युबा'मध्ये पुरुष नाचणारा मोठ्या ढोलासमोर एकटा उभा राहतो, वादक आणि तो एकमेकांना आव्हान देतात. हे दोन्ही एकाच रात्री, त्याच माणसांकडून. माझा सगळा आग्रह याच गोष्टीसाठी आहे. त्या लोकांना मासोन परका आणि युबा आपला असं कधी वाटलं नसावं. दोन्ही त्यांचेच होते.

कागदपत्रे

धागा आवडला. एका ठिकाणी सावध राहायला हवं असं वाटतं. सिंकियो हैतीहून आलेल्या लोकांनी क्यूबात आणला, हे मत अलेहो कार्पेंतिएर या लेखकाने विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलं आणि मग सगळीकडे तेच चालू राहिलं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर प्रश्न उभे केले आहेत. आफ्रिकेतून थेट क्यूबात आलेल्या लोकांकडेही अशा लयी होत्याच, आणि कोंत्रादान्सा, म्हणजे काँत्रदाँसचं स्पॅनिश रूप, हवानात स्पेनमार्गेही आला होता. 'सान पास्कुआल बाइलोन' ही क्यूबातली सर्वात जुनी ज्ञात छापील कोंत्रादान्सा 1803 ची आहे आणि तिच्यात आबानेराचा ठेका आहे. हवाना पश्चिमेला, हैतीची माणसं मुख्यतः पूर्वेला. एकाच ठिकाणाहून सगळं पसरलं असं धरण्यापेक्षा एकाच वेळी अनेक बंदरांत हे शिजत होतं असं धरणं जास्त बरोबर.

तुमचा मूळ मुद्दा मात्र यामुळे अधिकच पक्का होतो. हवानात धंदेवाईक वादक मोठ्या प्रमाणात मुक्त कृष्णवर्णीय होते. पुढे 1 जानेवारी 1879 रोजी मातान्सासच्या लिसेओ क्लबात मिगेल फाइल्दे या कृष्णवर्णीय कॉर्नेटवादकाने 'लास आल्तुरास दे सिंप्सोन' वाजवलं, आणि 'दान्सोन' हा प्रकार अधिकृतपणे जन्माला आला असं क्यूबात मानतात. चौकोन आणि रांगा मोडून तोपर्यंत सुटी जोडी आलेली होती. पण दान्सोनमध्ये जुन्या नाचाची एक खूण राहिली: सुरुवातीचा तुकडा वाजत असताना कुणी नाचत नाही. जोड्या नुसत्या फिरतात, ओळखीच्यांना भेटतात, बायका पंख्याने वारा घेतात. तो तुकडा संपला की नाच सुरू. तो तुकडा मध्ये परत परत येतो आणि प्रत्येक वेळी सगळे थांबतात.

दान्सोनमधूनच 1930 च्या दशकाच्या शेवटी मांबो आणि 1950 च्या सुरुवातीला एन्रिके होरिनचा चा-चा-चा निघाला. आज नाचाच्या क्लासला जाऊन चा-चा-चा शिकणारी पोरं नकळत काँत्रदाँसच्या पणतवंडांशी खेळत असतात.

नादखुळी

@कागदपत्रे, अनेक बंदरांची मांडणी मला पटते. हवानाच्या 1803 च्या छापील कागदासमोर 'सगळं हैतीहून' हे टिकत नाही.

कुडतरीकार

गोव्यातल्या सासष्टीतून लिहितोय. आमच्या कुडतरी गावाला 'मांडो' या नाचगाण्याचं माहेर म्हणतात, त्यामुळे राहवलं नाही.

गोव्यातला मांडो याच घराण्यातला म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती ब्राह्मण आणि चाड्डी घराण्यांच्या मोठ्या वाड्यांमध्ये 'साला', म्हणजे दिवाणखाना, असायचा, तिथे पोर्तुगीज वळणाचे नाच व्हायचे. मांडो त्याच फरशीवर घडला. पुरुषांची एक रांग, बायकांची समोर, जवळ यायचं, मागे सरायचं, जागा बदलायच्या, पण स्पर्श नाही. बायकांच्या हातात पंखा, अंगात तोडप-बाजू. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे मातीचं भांडं, त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य जाहीर केलं. मांडो संपला की दुलपोद, वेगवान, गावातल्या रोजच्या गोष्टींवरचं.

आणि 'देखणी' हा नाचगाण्याचा प्रकार तर मराठी लोकांना माहीत आहेच. कार्लुस एउजेनियु फेरेरांची 'हांव सायबा पलतडी वयतां' 'बॉबी'मध्ये (1973) हिंदी होऊन गेली. ती गाणारी पात्रं कोण? कलावंतिणी, नदीपलीकडे लग्नात नाचायला निघालेल्या. ख्रिस्ती दिवाणखान्यात हिंदू कलावंतीण.

मग प्रश्न: मांड्याला क्रिओल म्हणायचं का?

नादखुळी

@कुडतरीकार, देव बरें करूं! फार सुंदर लिहिलंत.

मला वाटतं, घडण तीच, पण सत्तेची बाजू उलटी. मांडो करणारे स्वतःच जमीनदार होते. साला त्यांचा, फरशी त्यांची. मार्टिनिकमध्ये ज्यांनी चौकोन आपला केला त्यांच्या मालकीचं स्वतःचं शरीरही नव्हतं. मिन्युएट शिकायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यामुळे दोन्हींना एकच शब्द लावताना मी जरा अडखळते.

कुडतरीकार

ताई, हे मान्य. पण मग घुमट वाजवणारा कोण होता, तेही विचारा की. साल्यात नाचणारे भाटकार, म्हणजे जमीनदार, आणि घुमट आला तो गावातूनच, ज्यांच्या हाताला तो आधीपासून होता त्यांच्याकडून. तुम्हीच वर लिहिलंय ना, वाजवायचं कोण ते बघा म्हणून. तो प्रश्न गोव्यालाही लागू होतो. मांड्याच्या कौतुकात आम्ही तो विचारत नाही.

नादखुळी

हो. हे उत्तर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

दर्यावर्दी

नोकरीनिमित्त मॉरिशसमध्ये असतो, म्हणून हिंदी महासागराची बाजू लिहितो, तिकडे कुणी फारसं बघत नाही.

सेशल्समध्ये 'कांतोले' नावाचा प्रकार आहे: व्हायोलिन, अकॉर्डियन, बँजो, ट्रँगल, ढोल, आणि ग्वादेलूपसारखाच रचना पुकारणारा माणूस, तिथे त्याला कोमांदेर म्हणतात. काँत्रदाँस, वॉल्ट्झ, पोल्का, माझुर्का, स्कॉटिश सगळं त्यात. मॉरिशसच्या ताब्यातल्या रॉड्रिग्ज बेटावर म्हातारी माणसं छोट्या बटणांच्या अकॉर्डियनवर पोल्का आणि माझुर्का वाजवतात, आणि ते ऐकताना हे युरोपचं आहे असं मनातही येत नाही.

एक निरीक्षण. युनेस्कोच्या यादीत रियुनियनचा मालोया 2009 मध्ये, मॉरिशसचा सेगा 2014 मध्ये, रॉड्रिग्जचा ढोलावरचा सेगा 2017 मध्ये आणि सेशल्सचा मुत्या 2021 मध्ये गेला. चारही नोंदी गुलामांच्या तालवाद्यांच्या परंपरेतल्या. ते योग्यच आहे, या नाचांवर एके काळी नाकं मुरडली जायची, बंधनंही आली. पण अकॉर्डियनवाले म्हातारे त्या यादीत कुठेच नाहीत.

इथल्या मराठी लोकांविषयी कुणीतरी विचारेलच, म्हणून: रत्नागिरीकडून मजूर म्हणून आलेल्यांचे वंशज घरात बहुतेक क्रिओलच बोलतात, गणपती जोरात करतात (चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते), आणि कोकणातली जाखडी अजून नाचतात. लग्नात मात्र सेगा लागला की सगळे उठतात, कुणाचे पूर्वज कुठून आले हे त्या वेळी बघितलं जात नाही.

नादखुळी

दर्यावर्दी, तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

ग्वादेलूपमध्येही हेच झालं. 1970 च्या आसपास स्वातंत्र्यवादी तरुणांनी 'ग्वोका' या ढोलपरंपरेला राष्ट्रीय संगीत मानलं. इतकी वर्षं तुच्छ लेखलेल्या ढोलाला मान मिळाला, फारच चांगलं झालं. पण त्याच वेळी क्वाड्रिल आणि बिगीन (तिथलाच जोडीचा नाच) हे 'वसाहतीचं' म्हणून बाजूला टाकलं गेलं. ग्रांद-तेर आणि मारी-गालांतच्या खेड्यांत ऊसतोडणी करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी क्वाड्रिल नाचत होती. त्यांना एकदम सांगण्यात आलं की तुम्ही नाचता ते मालकांचं. फ्रेंच लोक त्यांना शुद्ध क्वाड्रिल नाचणारे मानणार नाहीत, आणि आपलेच लोक त्यांना आफ्रिकी मानणार नाहीत. धड इकडचे ना धड तिकडचे.

मार्टिनिकमध्ये उलट गंमत. 1980 च्या दशकात तरुणांनी सेंत-मारी गावाच्या जुन्या जाणकारांकडून बेले शिकून तो पुन्हा उभा केला, आणि आज तो अस्सल आफ्रिकी वारसा मानला जातो. चौकोन तर त्यातही फ्रेंचच आहे! एका बेटावर तो चौकोन दिसला म्हणून परका, शेजारच्या बेटावर ढोल दिसला म्हणून आपला. मला वाटतं, दोन्हीकडे कसोटी चुकली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो नाच सांभाळला, बदलला, पोरांना शिकवला, त्यांचा तो नाच. सुरुवात कुणाच्या हुकमाने झाली हे इतिहासात नोंदवावंच, पण त्या नोंदीवरून मालकी ठरत नाही.

कागदपत्रे

सेंट लुशियामध्ये वेगळा रस्ता दिसतो. तिथेही 'क्वाद्रिल' वसाहतीचा अवशेष म्हणून मागे पडत चालला होता, पण 1979 च्या स्वातंत्र्यानंतर त्यालाच राष्ट्रीय वारशाचं स्थान दिलं गेलं. आणि पोर्तो रिकोचं उदाहरण तर ठळक: 1849 मध्ये तिथल्या स्पॅनिश गव्हर्नर पेसुएलाने क्यूबाहून आलेल्या नव्या नाचावर, तिथे त्याला मेरेंगे म्हणत, बंदी घातली, कारण जोड्या फार जवळ येतात. तो नाच 'दान्सा' होऊन टिकला, आणि त्यांचं आजचं राष्ट्रगीत 'ला बोरिंकेन्या' मुळात एक दान्साच आहे.

तालवेडा

न्यू ऑर्लीन्स राहिलं! क्यूबातून हाकललेले सां-दोमांगचे सुमारे नऊ हजार निर्वासित 1809-10 मध्ये तिथे गेले. जॅझच्या सुरुवातीचे वादक नाचांच्या कार्यक्रमात क्वाड्रिल वाजवायचे. 1938 मध्ये जेली रोल मॉर्टन या जॅझ पियानोवादकाने अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात पियानोवर आधी एका जुन्या क्वाड्रिलचे भाग वाजवून दाखवले आणि मग त्यातूनच 'टायगर रॅग' ही जॅझची प्रसिद्ध रचना कशी निघाली ते. त्याचं श्रेय त्याने स्वतःकडे घेतलं, त्यावर वाद आहे. पण नुसतं ऐका, तेच सूर कसे वाकतात ते कळतं.

पेठेतला

वाचनखूण साठवली. पाचवी मात्रा रिकामी सोडायला जमलं, पण पायाने 1 आणि 5 धरून अजून नाही. आणि एकच विचारतो: नवख्याने आधी काय ऐकावं?

नादखुळी

आधी मार्टिनिकचा बेले, आणि तोही व्हिडिओ, कारण चौकोन दिसायला हवा. मग ग्वादेलूपचं क्वाड्रिल, तिथे डोळे मिटून फक्त पुकारणाऱ्याचा आवाज धरा. त्यानंतर फाइल्देचा दान्सोन. तोपर्यंत पाय जमला नसेल तर तालवेडांना विचारा, त्यांना सांगायला आवडेल. आणि कुडतरीकार, घुमट वाजवणाऱ्यांवर वेगळा धागा काढाच, मी वाट बघतेय.

कुडतरीकार

काढतों. गावातल्या दोघा-तिघा जुन्या वादकांशी आधी बोलून घेतो, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे.